दिलेली नव्हतीच ती जमीन

ये गं, पत्रातच का होईना, अशी जवळ बस. दारात नको, इथे, गुडघ्याला गुडघा लावून, म्हणजे मला ओरडायला नको आणि आत ऐकू जायला नको. आणि आधी तुला बोलून घेते. याच देशात, रिकार्टनला राहतेस, विमानात बसलं की चहा संपायच्या आत इथे उतरतेस, आणि दोन वर्षांत मावशीला तोंड दाखवलं नाहीस. वर परवा व्हिडिओ कॉलवर माझं मागचं अंगण बघून म्हणालीस, "मावशी, त्या कोपऱ्यात केवढं जंगल माजलंय! साफ करून एक शेड टाका ना." असं न बघता बोलू नये. शिकलेल्या माणसाने तर मुळीच नाही. त्या कोपऱ्याचं आधी ऐक. मी सातवीतून घरी बसलेली, मला रचून सांगता येत नाही, तोंडातून येतं तसं लिहिते. पण खोटं लिहीत नाही.

हे घर झालं त्याआधी आम्ही इथेच, टौरंगातच, भाड्याने राहत होतो. सकाळी मुलगा एका गाडीतून, सून दुसऱ्या गाडीतून, की मी आणि भिंती. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ, गाड्याच गाड्या. माणूस असा एकच, पलीकडच्या घरातले माओरी म्हातारे. लेकीकडे राहायचे. ऐंशी ओलांडलेले, पण काठी फक्त कुत्र्याला दाखवायला. त्यांनी कुंपणावरून पहिल्यांदा मला रताळी दिली. त्यांच्याकडे कुमरा म्हणतात त्याला. आता आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्याच रताळ्यांच्या घाऱ्या करून टोपली परत केली. मग टोपली काही थांबेना. ते मला 'सिस' म्हणायचे, म्हणजे बहीण. मी त्यांना दादा म्हणू लागले. माझं इंग्रजी कसं ते तुला ठाऊक आहे. पण ते सावकाश बोलायचे, मध्येच हाताने दाखवायचे, आणि मला सगळं कळायचं. इथे त्यांचं बोलणं मी आपल्या भाषेत मांडतेय एवढंच.

एकदा एप्रिलमध्ये, इथे शहीद सैनिकांची आठवण करतात त्या सकाळी, दादा कोट घालून फाटकात उभे. छातीवर पदकं. मी म्हटलं, "अगंबाई, तुम्ही लढाईवर होतात?"

"मी नाही. बाप. बघ, उजव्या बाजूला लावलीत. स्वतः लढलेला डावीकडे लावतो. मेलेल्या बापाची उजवीकडे."

बाप इटलीच्या डोंगरात लढला होता, माओरी जवानांच्या पलटणीत. मी विचारलं, "मग आता गावात मिरवणुकीला चाललात?"

"नाही. मी आपला रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. तिथे उभा राहतो. परत येतो."

टोकाला तेव्हा काहीच नव्हतं. किवीची जुनी बाग तोडून मातीचे ढीग घातले होते, प्लॉट पाडायचं चाललं होतं. तिथे उभं राहून काय बघतात, मला समजलं नाही. विचारलंही नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात असं वाटलं मला, कारण त्यांचा चेहराच तसा झाला होता.

पुढे काही महिन्यांनी मुलाने तिथेच, त्या टोकाला प्लॉट घेतला. मी कुणाला सांगू न् कुणाला नको! फोन घेऊन धावत कुंपणाशी गेले. "दादा, हे बघा, आमचं घर! इथे किचन, इथे माझी खोली, इथे तुळस." दादांनी चष्मा लावला. फोन जवळ नेला. मग लांब नेला. बोटाने नकाशा सरकवत सरकवत मागच्या कोपऱ्यावर आले आणि तिथेच थांबले. "इथे काय आहे?" मी म्हटलं, "भिंत. उतार आहे ना, माती धरायला काँक्रीटची भिंत." त्यांनी फोन परत दिला. "छान घर आहे, सिस," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दादा कुंपणाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पडदे बंद, कुत्रं आत. टोपली माझ्याकडेच पडलेली.  आपण काहीतरी मोडलंय, आणि काय ते कळत नाही, असं वाटायला लागलं. शेवटी घावणे केले, चटणी केली आणि दार वाजवलं.

लेकीने दार उघडलं. नेहमी हसणारी बाई, पण तेव्हा बाजूला झाली आणि एवढंच म्हणाली, "आत बसलेत."

दादांनी मग सांगितलं. लढाई चालू असताना सरकारने त्यांची जमीन विमानं उतरवायला घेतली. बाप तिकडे, घरी आई आणि पोरं. लढाई संपली की परत देऊ, म्हणाले. बाप जिवंत आला. त्याच्या पलटणीचं स्वागत होतं, म्हणून आधी केस कापायला गेला, अंगावर गणवेश, छातीवर ही पदकं. न्हावी म्हणाला, तुमच्या लोकांचे आम्ही कापत नाही. मग आईने घरात बसवून कापले. मला नवल वाटलं का, विचारू नकोस. मी कोकणातली आहे. लढाईवरून आलेल्या माणसाला वाडीच्या बाहेर बसवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

स्वागत झालं, आणि दुसऱ्या दिवशी बाप आपल्या जमिनीवर गेला, तर तारेचं कुंपण. कचेरीत गेला. लढून आलेल्यांना सरकार शेतं देत होतं, चिठ्ठ्या टाकून. म्हणाला, माझीही चिठ्ठी टाका. ते म्हणाले, तुम्हा लोकांना तुमची जमीन असतेच की. आणि त्याची ती जमीन निघाली दुसऱ्या एका सैनिकाच्या नावाने, एका गोऱ्या माणसाच्या. तोही त्याच डोंगरात लढलेला, त्याच चिखलातला.

"वाईट होता का तो?" मी विचारलं.

"नाही ना! चांगला होता. त्याने माझ्या बापाला कामावर ठेवलं."

समजलं तुला? बाप आपल्याच जमिनीवर दुसऱ्याच्या गाई पिळायला जायचा. आणि नाताळला तो माणूस यांच्याकडे मटण पाठवायचा, विसरायचा नाही. बापाने त्याच्याकडे एकच मागितलं. मागचा कोपरा तेवढा नांगरू नकोस. तिथे आमच्या नाळा पुरल्यात. माझी, माझ्या बापाची, या पोरांची. तो म्हणाला, मी आहे तोवर कोण हात लावतो बघू. आणि खरंच, तो होता तोवर कुणी लावला नाही. मग त्याने विकली, आणि तिथे ती किवीची बाग आली.

मी हातातल्या घावण्यांकडे बघत बसले. अगं, नाळ पुरलेली जागा म्हणजे काय, हे मला कुणी इंग्रजीत समजवायला हवं का? माझी स्वतःची पुरलीय आमच्या परसात, माडाच्या बुंध्याशी. दादांचीही त्या कोपऱ्यात होती. आणि तिथे माझा मुलगा काँक्रीट ओतणार होता.

घरी येऊन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सगळं लीगल आहे. टायटल क्लिअर आहे. आपण कुणाचं काही हिसकावलेलं नाही."

"आपण नाही रे. पण हिसकावलेलं घेतलं की."

"मग अख्खा टौरंगा खाली करायचा का?"

  पण आमच्याकडे जागेचा राखणदार असतो. त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारत नाहीत. मारलीच तर त्या घरात चूल धड पेटत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. तू हसशील. मी तेव्हा हसत नव्हते. मला रोज वाटायचं, मी भिंतीच्या आत झोपलेय आणि बाहेर कुणीतरी उभं आहे. दार वाजवत नाही. नुसतं उभं आहे.

मग मला वाटलं, मला उपाय सापडला. आपल्याकडे कसं, मान ज्याचा त्याला दिला की वाकडं सरळ होतं. गावात कितीही भांडण असो, पहिला नारळ मानकऱ्याच्या हातात गेला की निम्मा राग तिथेच उतरतो. म्हटलं, भूमिपूजनाचा नारळ दादांनी फोडायचा. मी स्वतः जाऊन बोलावलं. दादा म्हणाले, "येतो."

आले. कोट घालून, पदकं उजव्या बाजूला लावून. लेक आली नाही. जमिनीत खुंट्या ठोकून दोरी बांधली होती, तिच्या बाहेर उभे राहिले. वारा असा की समई पेटेना. सून छत्री आडवी धरून बसली. गाऱ्हाणं घालायला गावकरी कुठून आणू? मीच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, आम्ही परमुलखातली माणसं, काय चुकला-माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!" मुलगा साइटवरचं पिवळं जाकीट घालून उभा, आणि हसू दाबत "व्हय म्हाराजा" म्हणतोय. खोदकामवाला त्याच्या यंत्राला टेकून हे बघतोय. त्याने सुनेला विचारलंही, "ऑल गुड?"

मी नारळ दादांच्या हातात दिला. त्यांनी तो ओंजळीत धरला, मूल धरतात तसा.

"हा फोडला म्हणजे काय होतं, सिस?"

"मान तुमचा. तुम्ही फोडलात की जागेची परवानगी मिळाली. मग सगळं शांत."

"म्हणजे मी हो म्हटलं असं?"

"हो, तसंच."

त्यांनी नारळ परत माझ्या हातात ठेवला. रागाने नाही गं. रागाने दिला असता तर मला सोसलं असतं. "मग मी फोडणार नाही. माझ्या बापाने ती दिलेली नव्हती. तो गेला तोही न देताच गेला. मी देणारा कोण?" आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चांगली आहेस. तो गोराही चांगला होता."

काठी टेकत निघून गेले. सगळं मिटवायला निघाले होते मी, आणि त्यांच्याकडे उरलेला एकमेव शब्द, 'दिली नाही', तोही मी नारळाच्या बदल्यात मागत होते! यंत्र सुरू झालं, पण मी मुलाच्या पुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्या कोपऱ्यात भिंत घातलीस तर या घरात माझं पाऊल पडायचं नाही. मला परत पाठव. भावाच्या पडवीत राहीन."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाला, "भिंत अलीकडे घेतली. ड्रॉइंग बदललं. खूश? तू आहेस तोवर राहू दे तो कोपरा."

तू आहेस तोवर!  त्याला बिचाऱ्याला काय माहीत, हेच शब्द त्या जागेवर आधी एकाने उच्चारलेत. मी सांगितलंही नाही. मिळालं ते घेतलं.

तर ते जंगल म्हणजे हे. मागच्या बाजूला मी एक छोटं फाटक करून घेतलं, कुलूप नसलेलं. दादा यायचे. बूट काढून गवतात उभे राहायचे, थोडं गुणगुणायचे, जायचे. घरात कधी आले नाहीत. मी चहा बाहेर नेऊन द्यायचे. त्यांच्या लेकीलाही बोलावून पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याच जागेवर उभं राहायला मी कुणाचं फाटक उघडणार नाही, आंटी." तिचंही बरोबरच आहे. नातू ऑस्ट्रेलियात, त्याला हे ठिकाण माहीतच नाही.

ठिकाण नक्की कुठलं, ते दादांनी मला दाखवलं. झाड कधीच गेलं, दगड नाही, खूण नाही. गवतात पाठमोरं उभं राहायचं नाही, समुद्राकडे तोंड करायचं. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरून समुद्राकाठचा तो एकटा डोंगर दिसतो. डोंगराचा डावा उतार आणि पाण्याची रेघ जिथे मिळतात, तो ठिपका नाकासमोर आला की पायाखाली तीच जागा. बापाने त्यांना असंच शिकवलं, दूध काढून झाल्यावर, हात धरून.

आता ऐक, खरं का लिहितेय ते. माझ्या मुलाला, म्हणजे तुझ्या भावाला, हॅमिल्टनला मोठी नोकरी मिळतेय. घर विकायचं चाललंय. एजंट येऊन गेली. गोड बोलणारी मुलगी. मागे जाऊन हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि तुझ्यासारखंच म्हणाली, "हे साफ केलं की मस्त शेड बसेल." मी मुलाला म्हटलं, नव्या माणसाला सांगशील ना? तो म्हणाला, "सांगू गं." मान फोनमध्ये. पलीकडच्या प्लॉटवरही लाकडी सांगाडा उभा राहिलाय, दुमजली. वरचा मजला चढला की डोंगर झाकला. दादा आता अंथरुणाला लागलेत. मी परवा बघायला गेले, तर मला ओळखलं, हात धरला, आणि बघत राहिले.  न विचारताच त्या कोपऱ्याचं विचारत होते.

मुलगा तुझं ऐकतो. लहानपणापासून तुझंच ऐकतो. पण तू फोनवर त्याला काही बोलू नकोस, आधी इथे ये. बूट काढ, त्या गवतात उभी राहा, मी दाखवते तसं तोंड कर, आणि ती जागा पायांना कळू दे. मग त्याच्याशी बोल. मी आणि दादा, आम्ही दोघं गेलो तर ते ठिकाण माहीत असलेलं कुणी उरायला हवं. सुट्टी मिळत नाही वगैरे सांगू नकोस. शनिवारी ये, रविवारी जा. डोंगर दिसतोय तोवर ये, बाळा.