खोडलेल्या दोन ओळी

"काका, ऐका अन् चूक काढा," असं म्हणत तो इयरफोनचं एक टोक माझ्या कानात घालायचा. वाळूजच्या कारखान्यात आम्ही तपासणी विभागात शेजारी बसायचो. मी त्रेपन्न वर्षांचा, तो एकोणतीसचा. येशूवर रॅप म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुमच्यापैकीही फार थोड्यांनी पाहिला असेल.

मला गाण्यातलं कळत नाही, मोजता येतं. ठोके मोजून मी सांगायचो, तिसऱ्या ओळीत एक जास्त आहे. तो तपासून पाहायचा आणि बदलायचा.

आपल्याच चर्चमध्ये, नाताळच्या कार्यक्रमात, वडिलांसमोर एकदा म्हणायचं, एवढीच त्याची इच्छा. तीन वर्षं नकार आला. तिथले ज्येष्ठ, एक निवृत्त गुरुजी, म्हणायचे की हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, आपलं नव्हे.

"बाजाची पेटी तरी कुठं आपली हाय, गुरुजी?" हा म्हणायचा. "अन् त्या लोकांनाबी चर्चात मागंच बसवत व्हते. मग आपलं कसं नाय?"

चौथ्या वर्षी परवानगी मिळाली. अटी दोन. स्पीकरवर ताल लावायचा नाही, आणि या दोन ओळी गाळायच्या:

एकच भाकर, एकच प्याला, एकच देव म्हणता,
माझ्या आज्याला दारामागची चटई का मग देता?

गंगापूरकडच्या गावात त्याच्या आजोबांना बाप्तिस्म्यानंतरही जातीमुळे चर्चमध्ये बाकावर बसू दिलं नव्हतं. ओळी खऱ्या होत्या. तरी तो कबूल झाला. म्हणाला, "बापाची तब्येत बरी नाय. बाकीचं तर ऐकू दे त्याला."

त्यानं मलाही बोलावलं. तिथली रीत अशी, की म्हणणाऱ्यानं मजकूर आधी लिहून द्यायचा. गुरुजी तो कागद घेऊन पुढच्या बाकावर बसायचे आणि अडलेल्याला पुढची ओळ सांगायचे.

तो चुटक्यांवर ताल धरून म्हणत होता. गाळलेल्या जागी तो थांबला. चुटक्या तेवढ्या चालू. पोरगा अडला असं समजून, सवयीनं, गुरुजींनी कागदावरची पुढची ओळ मोठ्यानं वाचली. खोडलेली. वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी कागद मिटला आणि दुसरी ओळ न बघता, सावकाश म्हटली.

चुटक्या थांबल्या. आता तो खरंच अडला होता.

सोमवारी मी विचारलं, मुद्दाम थांबलास का. तो म्हणाला, "जागा रिकामी ठेवली व्हती, काका. भरंल असं वाटलं नव्हतं."

वडील गेले, आणि पुढच्या वर्षी तो पुण्याच्या कारखान्यात गेला. फोन क्वचित येतो. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. गुरुजींच्या ओळीनंतर अकरा सेकंद कुणीच बोलत नाही; मी दोनदा मोजलंय. नवव्या सेकंदाला कुणीतरी खोकतं. मागच्या बाजूला, वडील बसले होते तिथून.