तात्यांनी उघडा ठेवलेला खड्डा

खोदायच्या आधी तात्या चपला काढत. टिकाव भिंतीला टेकवून अनवाणी पायांनी अंगणभर हळूहळू फिरत आणि एखाद्या जागी थांबून म्हणत, "हितं गार लागतंय. हितंच फुटलंय." तिथे खणले की फुटका पाईप सापडायचाच. बारामतीत आमच्या घरामागे राहणारे हे तात्या मूळचे निरवांगीचे. लोकांच्या मोऱ्या आणि संडासाच्या लाइनी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मला ते सूनबाई म्हणत. मी त्यांच्याशी मान खाली घालूनच बोलायची, तेही एका वाक्यात.

एका वर्षी आमच्या मोरीतून घाण पाणी उलटे वर आले आणि मागच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. घर बँकेच्या कर्जावर घेतलेले. कर्जासोबत बँकेने घराचा विमाही उतरवला होता. तो कागद इंग्रजी. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे त्यातला फक्त फोन नंबर मला वाचता यायचा.

तात्यांनी खणले. भिंतीखाली हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. पायाची माती वाहून गेली होती.

"सूनबाई, ह्या खोलीत आता कुणी झोपू नगा. भिंत हवेवर उभी हाय."

आमच्या यांनी विम्याच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून सांगितले, आमचा माणूस येईपर्यंत काहीही बुजवू नका. लाइन कशाने फुटली ते बघून भरपाई ठरेल. बाहेरच्या धक्क्याने फुटली असेल तर मिळेल, जुनी होऊन फुटली असेल तर मिळणार नाही. भिंत स्वतःच्या पैशाने बांधणे आम्हाला झेपणारे नव्हते.

दोन दिवस गेले, माणूस येईना. सगळी गल्ली नाकाला पदर लावून चालू लागली. समोरच्या आक्का दारातून ओरडल्या, "अगं ए, आमाला काय नाकं न्हाईत व्हय? घास उतरंना पोटात! बुजवा की त्यो खड्डा!"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी हे लोणी देवकरला कारखान्यात कामाला गेले आणि मी पाटी उचलली. दोन पाट्या माती खड्ड्यात टाकली. तिसरी उचलली तोच तात्या आले. रागावले नाहीत. पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचून सरळ त्या घाणीत उतरले आणि फुटक्या पाइपापुढे उभे राहिले.

"टाका आता. माझ्या अंगावर टाका."

माझ्या हातातली पाटी खाली पडली.

"बुजवायला दोन पाट्या पुरत्यात, सूनबाई. उघडं ठिवायला छाती लागती." मी टाकलेली माती ते हातांनी बाहेर काढू लागले. मग मान वर करून दारात उभ्या आक्कांना म्हणाले, "आक्का, आजच्या दिस दारात भजी तळा. मग ह्यो वास न्हाय यायचा. दोन मलाबी द्या."

दुपारी विम्याचा माणूस आला. वाकून बघत म्हणाला, "पाईप जुनाच दिसतोय. आणि ही मुळं? मुळांनी फुटला असेल तर क्लेम बसत नाही."

तात्या, मुळांचे काही बोलू नका, असे मी मनात म्हणत होते.

"मुळं हायती," तात्या म्हणाले. "खोटं कशाला बोलू? त्या टोकाला शेवग्यानं पाईप धरलाय. तेवढ्याचं देऊ नगा. पर हितं बघा." त्यांनी खापरी पाइपाचे दोन तुकडे वर दिले. मुळांजवळच्या तुकड्याची कड काळी पडली होती, भिंतीजवळच्याची कोरी होती. "ही जुनी फूट, ही नवी. हिच्यावरनं चाक गेलंय."

"चाक जाताना कुणी पाहिलं?"

पाहिले होते मी एकटीने, मोरीच्या खिडकीतून. तात्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेही होते. आता त्यांनीच सांगावे म्हणून मी त्यांच्याकडे बघितले.

"मी पाईप बघितला," तात्या म्हणाले. "चाक सूनबाईंनी बघितलंय. त्यांना इचारा."

तो माणूस पेन धरून थांबला. मालक घरी नाहीत, नंतर या, असे माझ्या ओठांवर आले होते. तात्या अजून घाणीत उभे होते.

"उसाचा ट्रॅक्टर होता," मी म्हणाले. "दोन ट्रॉल्यांचा. गल्लीत वळंना म्हणून मागं आमच्या अंगणात घेतला. मागचं चाक हितं रुतलं. खालनं फुटल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मोरीतलं पाणी उतरायचं थांबलं."

त्याने चाकाची खूण कुठे होती विचारले, मी दाखवली. पुन्हा सांगा म्हणाला, पुन्हा सांगितले. तसेच सांगितले. त्याने लिहून घेतले, फोटो काढले.

भिंतीचे आणि नव्या फुटीचे विम्याने दिले. शेवग्याकडच्या टोकाचे दिले नाही. ते काम आम्ही पदरचे घालून तात्यांकडून करून घेतले. त्या दिवशी तात्यांनी माझे कौतुक वगैरे काही केले नाही. सगळे फोटो झाल्यावर खड्ड्यातून वर आले, पाय धुतले आणि पाटी माझ्या हातात देत म्हणाले, "आता बुजवा."

गेल्या साली तात्या वारले. रोज अंगण झाडताना त्या जागेवर आले की मी चपला काढते आणि थोडी थांबते. जमीन कोरडी लागते. मग खराटा पुढे नेते.