कांद्याच्या ट्रकवरून बांबू धरताना

रेडिओ विकत घेतला तेव्हा दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "सेट लावला की तापायला जरा वेळ द्या, मग बोलेल." बायकोचं भाषण दुपारी होतं. मी सेट पहाटेच लावला.

मिनिटभर थांबा, एवढाच त्याचा अर्थ होता. पण महत्त्वाच्या कामाला मी जरा जास्तच तयारी करतो. लग्नात मांडव घालणाऱ्यांच्याही आधी मी हजर होतो, हे सासूबाई अजून सांगतात.

तेव्हा मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून होतो आणि चिंचवडला एका खोलीत आमचा संसार होता. आळीत वीज आलेली नव्हती. सेट चालायचा मोटारीला असते तसल्या बॅटरीवर, आणि ती पुण्याला नेऊन चार्ज करून आणावी लागे. त्या आठवड्यात ती न्यायची राहिली होती. भाषणाच्या आनंदात कोणाला बॅटरी आठवते?

भाषणाचं असं झालं की बायकोने रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमाला पत्र टाकलं, आणि त्यांनी तिला पुण्याला बोलावलं. विषय, एका खोलीतला संसार. त्यासाठी सासूबाई मुद्दाम कोकणातून आल्या होत्या. मुलीला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं, त्याची खंत त्यांच्या मनात होती, आणि दुसऱ्या दिवशी त्या परत जाणार होत्या. तिथे बोललं की इथे ऐकू येणार, आणि हवेत विरून जाणार. पुन्हा ऐकायची सोय नाही. सकाळच्या गाडीला निघताना बायको म्हणाली, "तुम्ही नाही ऐकलंत तरी चालेल. आईला तेवढं ऐकवा."

आणि मग तो दिवस सुरू झाला. कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळे आळीतली बरीच मंडळी आमच्या दारात येऊन बसली. बातम्या लागल्या तशा सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, परका पुरुष घरात बोलतोय म्हणून. मग कोणी तज्ज्ञ काढणीआधी कांद्याचं पाणी कधी तोडावं ते सांगू लागले. आमचे घरमालक पिढ्यान्‌पिढ्या कांदा पिकवणारे. ते उंबऱ्यावर बसून म्हणाले, "ह्यानं कांदा चिरलाय, लावलेला न्हाई." पण उठले नाहीत. दातांच्या निगेवर एक डॉक्टर बोलले. सासूबाईंनी उरलेल्या दातांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "आत्ता सांगतोय मेला." धरणांवर हिंदीतून एक लांबलचक भाषण झालं. ते कोणाला फारसं कळलं नाही, पण मध्येच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून सगळे मान डोलवत बसले. मध्ये कार्यक्रम थांबले तेव्हाही मी सेट बंद केला नाही. घुंऽऽ असा आवाज येत राहिला. म्हटलं, तापलेला असू दे.

आज वाटतं, कोण कुठली माणसं, पण आधी नमस्कार म्हणून आम्हाला चार गोष्टी सांगत होती. एरवी आमच्या दारात येऊन इतक्या अदबीने बोलणारं होतं कोण?

दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला. पहिल्या बाई लोणच्याबद्दल सांगत होत्या. मिठापर्यंत आल्या, त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. मी बटण फिरवलं, पेटीवर थाप मारली. घुंऽऽसुद्धा येईना.

सासूबाईंनी विचारलं, "तिचं झालं का?"

मी पुन्हा एकदा बटण फिरवून पाहिलं.

मालक वाकून म्हणाले, "बॅटरी उतरली, राव. पहाटेपास्नं काय सप्ताह बसवलाय व्हय?" त्यांचा ट्रक दारातच उभा होता, चाकणचा कांदा भरून, पुण्याच्या बाजाराला निघालेला. त्यांनी ट्रककडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "उचला सेट."

सासूबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, शेजारी सेट ठेवला आणि मालकांनी ट्रकच्या बॅटरीला तारा जोडल्या. दिवा लागला, पण नुसती खरखर. एरियल आमच्या छपरावर राहिलं होतं. शेवटी मी एक तार बांबूला बांधली आणि कांद्याच्या पोत्यांवर चढून बांबू उभा धरला. खालून बायकोचा नमस्कार ऐकू आला. खांदा भरून आला म्हणून मी हात जरा खाली घेतला, तर ती गप्प.

"हात वर, राव," मालक ओरडले. "वहिनी गेल्या."

मग मी हललो नाही. वर वारा होता, तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचेना. खालचं ऐकू येई ते सासूबाईंचं. मध्येच त्या म्हणाल्या, "खोटं बोलते. फळीखाली कपड्यांची दोरी बांधायला मी नव्हतं शिकवलं, तिच्या आजीने शिकवलं." आळी हसली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, एकदम हळवा, "सावकाश बोल गं. दम लागेल."

भाषण संपल्यावर मी खाली उतरलो. सासूबाईंनी डोळे पुसले आणि सेटवरून पदर फिरवला.

मी मालकांना म्हटलं, "तुमचा बाजार चुकला."

"कांदा काय दूध हाय नासायला? वहिनींना सांगा, आमच्या गाडीतनं बोलल्या म्हून." आणि ते निघून गेले. त्यांचे आभार मी तेव्हा नीट मानलेच नाहीत. आज मानतो.

संध्याकाळच्या गाडीने बायको आली. सासूबाईंनी तिला बांबूसकट सगळं सांगितलं. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काय ऐकलंत?"

"नमस्कार," मी म्हटलं. "आणि लोक हसले ते."

तिने प्रवासाची पिशवी खुंटीला लावली आणि समोर येऊन बसली. म्हणाली, "बसा. पहिल्यापासून सांगते. हात खाली घेतलात तरी चालेल."