मामाचं रिकामं कव्हर

मामा सिंगापूरला आला तो कमरेला रिव्हॉल्व्हरचं रिकामं कातडी कव्हर लावून. रिव्हॉल्व्हर फलटणकडच्या पोलीस ठाण्यात जमा होतं. कव्हर जमा करायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते सोबत आलं. मोकळं लोंबू नये म्हणून मामानं त्यात वाचायचा चष्मा ठेवला होता.

"इथे खेळण्यातलं पिस्तूल खरं दिसत असेल तरी परवानगी लागते," सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटवर पोचल्या पोचल्या मी त्याला सांगितलं.

"आमच्याकडं निवडणूक लागली की हुकूम निघतो, हत्यारं ठाण्यात जमा," मामा म्हणाला. "निकाल लागला की परत. तुमच्याकडं कायमचीच आचारसंहिता हाय म्हण की!"

मी हसले. आई हसली नाही. बाबा गेल्यापासून आमच्या बाजूनं बोलणारं मोठं माणूस म्हणजे मामाच, आणि शनिवारी त्याला माझ्या लग्नाची बोलणी करायची होती. मुलगा माझ्या ऑफिसातला, मीच पसंत केलेला. त्याचे बाबा बँकेत, आई पुण्याची. त्या आईला एक शंका होती, आणि ती तिनं मुलाकरवी मला विचारून घेतली होती: "त्यांच्याकडे लग्नात हवेत गोळ्या वगैरे झाडत नाहीत ना?" मी "नाही" एवढंच कळवलं. मामाच्या कमरेबद्दल काही लिहिलं नाही. मला कोणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही, आणि विचारलं तरी अर्धंच सांगते.

"दादा, शनिवारी ते घरी काढून ठेव," आई म्हणाली.

"रिकामं तर हाय."

"मग घालतोस कशाला?"

"त्याबिगर तोल जातो."

शनिवारी तो ते लावूनच निघाला. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनवर निळ्या गणवेशातले दोन तरुण पोलीस उभे होते. मामानं आधी त्यांच्या कमरेकडे पाहिलं, जाणकारासारखं. मग त्यांनी मामाच्या कमरेकडे पाहिलं.

"अंकल, कॅन ओपन?"

मामानं झडप उघडली आणि सावकाश चष्मा बाहेर काढला. एका पोलिसानं चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. दुसऱ्याला ते जमलं नाही. असं बाहेरून लावू नका, लोक घाबरतील, असं त्यानं मला इंग्रजीत समजावलं.

"काय म्हणाला?" मामानं विचारलं.

"लोक घाबरतील म्हणाला."

मामाचा चेहरा खुलला. आल्यापासून या शहरात त्याच्यासाठी कोणी बाजूला सरकलं नव्हतं. एका आजींनी तर लिफ्टमध्ये त्याला ते पाण्याच्या बाटलीचं आहे का म्हणून विचारलं होतं. त्यानं चष्मा परत आत ठेवला, कव्हर पट्ट्यावरून सोडवलं आणि माझ्या हातात दिलं. "समजूतदार पोरगा हाय," तो म्हणाला. मी ते पर्समध्ये कोंबलं.

ईस्ट कोस्टला मुलाच्या आईबाबांच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये मामा सोफ्यात बसला आणि बंद पडला. त्याचा उजवा हात कमरेवर जाई, तिथे काही सापडत नसे, आणि तो पुन्हा मांडीवर येऊन बसे.

"तुमच्या काही अपेक्षा?" मुलाच्या बाबांनी विचारलं.

"न्हाई."

"लग्न इथे करायचं की तिकडे?"

"बघू."

आई डोळे वटारत होती. मुलाची आई चकल्यांची ताटली पुन्हा पुन्हा पुढे करत होती. मुलगा माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी काहीतरी करावं. ही शांतता माझ्या ओळखीची होती; ऑफिसच्या मीटिंगमध्ये ती मीच पसरवते. लग्न हातातून जातंय हे दिसत होतं, तरी माझं तोंड उघडेना.

शेवटी मुलाच्या बाबांनी लग्नाच्या हॉलचे फोटो दाखवायला फोन पुढे केला. मामानं तो लांब धरला, जवळ धरला.

"माझा चष्मा दे गं."

मी पर्स उघडली आणि तीन होणाऱ्या नातेवाइकांसमोर रिव्हॉल्व्हरचं कव्हर बाहेर काढलं.

"अगं बाई!" मुलाची आई ताटलीसकट मागे सरकली. "बंदूक आणली की काय!"

"नाही!" मी ओरडले. एवढा आवाज माझ्याकडे आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मग मी थांबलेच नाही. पोलीस ठाणं, आचारसंहिता, स्टेशनवरचे पोलीस, लिफ्टमधल्या आजी, सगळं सांगितलं. मुलाच्या बाबांना ठसका लागला.

"वहिनी, आजवर एक गोळी झाडली न्हाई मी," मामा म्हणाला. "मला चारचौघांत बोलता येत न्हाई. ती कमरेला असली की माणसं गप ऱ्हात्यात, मग माझं हळू बोलणं बी ऐकू जातं."



"बोला ना," मुलाची आई ताटली खाली ठेवत म्हणाली. "आम्ही गप्प आहोत."

"अपेक्षा एकच. ही माझ्यावर गेलीय. बोलायला टाईम लावती. मधी तोडू नका."

"आत्ता तर चांगली ओरडली की!" त्या म्हणाल्या, आणि पहिली चकली माझ्या हातात दिली.

निघताना मुलाचे बाबा दारात घुटमळले. "एकदा लावून बघू का?" त्यांनी हळूच विचारलं. कव्हर पट्ट्याला अडकवून ते आरशासमोर दोनदा फिरले. चालणं लगेच बदललं.

"अहो, काढा ते!" आतून आवाज आला.

मामानं पुढे होऊन त्यातला आपला चष्मा तेवढा काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं जमा," तो म्हणाला. "लग्न लागलं की सोडवून नेतो."