मेंढरांचा वास

लॅबमध्ये कुणीतरी अमाइनची बाटली उघडी टाकून गेलं होतं. सडक्या मासळीसारखा वास. सगळे नाक धरून बाहेर पळाले. मी आत जाऊन बूच लावलं. बाहेर आले तर माझा मराठी सीनियर दारात उभा.

“हिला काय वास येणार? मेंढरांत वाढलीय.”

आधी मराठीत म्हणाला. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. सगळे हसले. प्रोफेसरही हसले. मी हातमोजे काढत राहिले.

मी संतपूरची. औराद तालुका, बिदर जिल्हा. आम्ही धनगर. आज्ज्याची मेंढरं होती, अप्पा दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये राबतात. केमिस्ट्री शिकायला शिष्यवृत्तीवर वर्षभर जर्मनीला गेले. लॅबमध्ये एक मराठी सीनियर आहे म्हटल्यावर घरी फोन केला. आपलं माणूस भेटलं म्हणून.

आपल्या माणसानं आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग आज्जा काय करायचा. मी एकदा ‘लावतेय’ऐवजी “फ्लास्क लावायले” म्हणाले, तर जेवणाच्या टेबलावर माझी नक्कल. “लावायले, करायले. ही काय मराठी आहे?” घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी उर्दू बोलत वाढलेली मी. त्याच्यापुढं मुकी झाले.

मला त्याच्याच हाताखाली दिलं होतं. तो प्रयोग करायचा, मी फ्लास्क धुवायचे. त्याचे, मग त्याच्या दोस्तांचे. ॲसिटोननं बोटं फुटली. माझा प्रयोग कधी, विचारलं की म्हणायचा, “तुला हेच जमेल.”

अप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “सोस बाई. आपून कामून भांडावं? एका वर्साची तर गोष्ट हाय.”

अप्पा जन्मभर असंच सोसत आलेत. मला त्यांचा राग नाही आला. भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग संपली. सगळ्यांसमोर त्यानं घाण फ्लास्कांचा ट्रे माझ्यापुढं सरकवला. “घे. सवय असते तुम्हाला.”

“न्हाई,” मी म्हणाले. “तुमचं तुम्ही धुवा.”

आणि तिथंच प्रोफेसरांना इंग्रजीत सगळं सांगितलं. आडनाव, मेंढरं, नक्कल. जात म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हा तुमच्या देशातला प्रश्न आहे, लॅबमध्ये आणू नका.

संपलं. त्यानंतर माझ्याशी कुणी बोलेना. रसायन मागितलं तर संपलेलं असायचं. वर्ष सरलं, हातात एक धड प्रयोग नाही. पीएच.डी.साठी शिफारस मागितली, तर प्रोफेसर म्हणाले, तुझं काम मी पाहिलेलंच नाही. खरंच होतं. करूच दिलं नव्हतं. त्याला तिथंच नोकरी लागली.

मी परत आले. गावात सत्कार ठेवला. पाहुण्यांनी माईकवर विचारलं, “तिकडं जात बघत न्हाईत, व्हय ना?”

सगळे ‘व्हय’ ऐकायला बसलेले. पुढच्या रांगेतून अप्पा डोळ्यांनी गप म्हणायलेत.

“बघतात,” मी म्हणाले. “आपलीच मानसं ती संगं नेतात.”

कुणीतरी माईक काढून घेतला. अप्पा मान खाली घालून उठून गेले. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटल्यासारखंच आहे.

आता कलबुर्गीच्या एका कॉलेजात तासावर शिकवते. पोरी विचारतात, मॅडम, परदेशात कसं असतं? मी सगळं सांगते. काही घाबरतात. घाबरू देत. मी झाकणार नाही. जी जाईल तिला एवढंच सांगते, पहिल्याच दिवशी न्हाई म्हण. त्यानं कुणी सुधारणार नाही. तुझंच नुकसान होईल.

तरी म्हण.