शेवटचं पान वाचणारे गॅझेटमामा

गॅझेटमामा पेपर शेवटच्या पानावरून वाचायचे. पहिल्या पानावर कुणी निवडून येवो नाहीतर पडो, मामांना त्याचं सोयरसुतक नसे. पेपर मांडीवर पालथा टाकायचा, लाल पेनाचं टोपण दातांनी काढायचं आणि जाहीर नोटिसांमधला एकेक गट नंबर बोटाखाली घ्यायचा. "पहिल्या पानावर काय व्हनार ते छापतेत. खरं काय चाललंय ते शेवटच्या पानावर," असं म्हणायचे आणि चहा बशीत ओतायचे.

अहमदपूरच्या तहसीलसमोरच्या हॉटेलात आम्ही जमिनीचे एजंट ऑफिस उघडायच्या आधी जमायचो. त्या घोळक्यात मी एकटी बाई. आधी विम्याचे हप्ते गोळा करत गावोगाव फिरले, मग त्याच ओळखींवर प्लॉट दाखवू लागले. मी आले की बाकीचे उगाच खाकरायचे. मामांनी पहिल्याच दिवशी शेजारची खुर्ची ओढून दिली. "बसा ताई. हितं कागद बोलतो. गडी हाय का बाई, ते कागद इचारीत न्हाई." त्या खुर्चीवर पुढं कुणी माझ्याशिवाय बसलं नाही.

मामा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. निजामाच्या काळातले उर्दू कागद कुठल्या कपाटात, हे त्यांना तोंडपाठ. रोज सकाळी आम्हाला 'खबर' द्यायचे, म्हणून सगळ्यांचे गॅझेटमामा. कुठलं परिपत्रक आलं, किती गुंठ्यांखालचा तुकडा रजिस्ट्रीला चालणार नाही, सरकारी दर कुठं वाढले, कुठल्या शेतावर कोर्टाची मनाई आली. चहाशिवाय कशाला हात लावायचे नाहीत. कुणी सौदा घेऊन आला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: "वाट कुठून? नाव कुनाचं? शर्त कोनती?" शर्त म्हणजे जमीन मोकळी आहे की सरकारनं अटीवर दिलेली. अटीवर दिलेली विकायची तर कलेक्टरची परवानगी लागते. न घेता विकली तर सरकारजमा होते. हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की हॉटेलवाल्यालाही पाठ झालं होतं.

मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. आमच्याकडं बोअर आटले, टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा दुपारभर उन्हात पडून असायच्या. शेतीला गिऱ्हाईक नाही. आणि त्यातच हूल उठली की नवा जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस अमुक रोडला येणार. मोबाइलवर नकाशेसुद्धा फिरू लागले, लाल रेघा मारलेले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! त्या रोडच्या माळावर आठवड्याला भाव चढायला लागला. मामा एकटेच म्हणायचे, "जीआर दावा, मग जिल्हा म्हना." आम्ही त्यांच्या तोंडावर हसायचो.

त्याच रोडला गयाबाईची जमीन होती. गयाबाई म्हणजे मामांची सख्खी धाकटी बहीण, विधवा, एकटी राहणारी. विहिरीत खडखडाट, म्हणून तिला जमीन विकून नांदेडला लेकीकडं जायचं होतं. मोंढ्यातले एक व्यापारी होते, अप्पा. त्यांना मी ती दाखवली आणि त्यांनी इसाराची रक्कमही दिली. गयाबाई मला म्हणाली, "दादाला सांगू नका बाई. दादा कागद काढीत बसंल." मी सांगितलं नाही. सातबारावर तिचं एकटीचं नाव होतं आणि वर्ग एक, म्हणजे मोकळी. जुनी नोंद काढून बघितली असती तर काय ते कळलं असतं. कळू नये म्हणूनच बघितली नाही, हे आज कबूल करते.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगते. खरेदीआधी वकिलाच्या नावानं नोटीस छापावी लागते, 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' ती आम्ही मुद्दाम असल्या पेपरात छापायचो, जो आमच्या गावात कुणी वाचत नाही. नोटीस दिली असंही होतं आणि हरकतही येत नाही. बहिणीच्या जमिनीला भाऊ आडवा येतो, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव. म्हणून मी नांदेडचा एक चार पानी पेपर गाठला. नोटीस छापून आली आणि मी दिवस मोजू लागले. रोज मामांच्या शेजारी बसायचे, चहा प्यायचे आणि त्यांच्या लाल पेनाकडं बघायचे. आठ दिवस गेले, दहा गेले. हा पेपर ते बघत नाहीत, अशी माझी खात्री होत चालली.

बाराव्या दिवशी नांदेडहून आलेल्या एसटीचा कंडक्टर उतरला आणि पेपरांची एक सुरळी मामांच्या मांडीवर टाकून गेला. पंधरवड्यातून एकदा तो नांदेडचे सगळे पेपर एरवी त्यांच्या घरी टाकायचा, हे मला कुठं माहीत! मामांनी एकेक पालथा केला. मग बोट थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं: गाव, गट नंबर, गयाबाईचं नाव. वर बघितलं नाही. पेनाचं टोपण लावून ते एवढंच म्हणाले, "शर्तीची हाय ही. सातबारावर चुकून वर्ग एक पडलंय. माझी हरकत हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा पहिला मोठा सौदा, अप्पांना दिलेला शब्द, एवढ्या गड्यांसमोर झालेली शोभा! तोंडाचा पट्टा सुटला. "मामा, वाटा पाहिजे होता तर सरळ सांगायचं होतं! भाव चढला तसा भाऊ जागा झाला होय?"

मामा उठले. पेपराची नीट घडी घातली. "बापानं गावचा सांगावा वाहून कमावलेली वतनाची जमीन हाय ताई," ते म्हणाले. "इकायची तर परवानगी घिऊन, ताठ मानेनं इकू. अशी चोरून न्हाई." आणि रस्ता ओलांडून गेले. त्यांचा चहा तसाच बशीत राहिला.

सौदा मोडला. अप्पांनी इसार परत घेतला. गयाबाईनं भावाशी बोलणं टाकलं, आणि मी हॉटेलच बदललं. पाऊस पडला तशी जिल्ह्याची हूल विरली, माळावरचे भाव खाली आले. शेजारच्या गटाची तशीच परस्पर विक्री झाली होती, त्या गिऱ्हाइकाला जमीन सरकारजमा का करू नये म्हणून तहसीलची नोटीस आली. ते ऐकून अप्पा स्वतः मामांच्या घरी नारळ घेऊन गेले. मी गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

पण मामांनी माझी खबर बंद केली नाही. हॉटेलवाल्याच्या पोऱ्याकडून लाल पेनानं लिहिलेली चिठ्ठी यायची. 'ताईला सांगणे, नव्या प्लॉटिंगमधले प्लॉट विकायचे तर एजंटाची नोंदणी आता सक्तीची, नाहीतर दंड.' मी वेळेत नोंदणी केली. चिठ्ठ्या जपून ठेवल्या. एकीलाही उत्तर दिलं नाही, इतकी मी हट्टी. मग एका वर्षी एप्रिलातल्या जयंतीनंतर चिठ्ठ्या थांबल्या. नांदेडच्या दवाखान्यात मामा वारले, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

महिन्याभरानं गयाबाई माझ्या दारात आली. "इकायची न्हाई आता. पर दादा म्हनायचा, सातबारावर चूक हाय. तेवढी नीट करून द्या." मी रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार काढले. जमीन शर्तीचीच होती. आणि त्याखाली एक नोंद होती, बाप वारला त्या वर्षीची: भावानं आपला अर्धा हिस्सा राजीखुशीनं बहिणीला सोडून दिला. खाली मामांची सही, तरुणपणची, अक्षर अगदी चिठ्ठ्यांवरचं. जमिनीला कुणी विचारत नव्हतं, तेव्हाची. मी तिथंच बाकावर बसून रडले. कारकुनानं पाणी आणून दिलं.

सातबारा दुरुस्त झाला. मग मी नांदेडच्या त्याच चार पानी पेपरात माझ्या नावानं एक नोटीस दिली. अमुक गटातील जमिनीत मामांचा कोणताही वाटा नव्हता, तो त्यांनी आधीच सोडला होता. मी चारचौघांत त्यांच्याविषयी जे बोलले ते खोटं होतं. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

पंधरा दिवस गेले. हरकत आली नाही. येणार कुठून? तो पेपर वाचणारा गावात एकच माणूस होता.