केनियातली भाकर

ज्वारीची भाकर विस्तवावर शेकताना खरपूस वास सुटला की मला केनियातलं ते खेडं आठवतं. इकडे राजापेठेतल्या घरी म्हाताऱ्या आईला एकटी ठेवून मी तिथे मुलांच्या पोषणाच्या कामाला बिनपगारी गेले होते. आई रागावलेली होती, म्हणून मी तिला फोन करायचंही टाळायचे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. तिथे तापातून उठलेली एक चिमुरडी आमच्या केंद्रातल्या लापशीला तोंडच लावत नव्हती आणि तिची आई हवालदिल झाली होती. त्यांच्या घरात ज्वारीचं पीठ दिसलं, तशी मी भाकर थापायला बसले. पण ती उचलली की तुटायची. शेवटी लाज गिळून आईला फोन लावला. "आपल्या मेळघाटात लेकरं नोहती काय वं चारायले?" ती कडाडली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, भाकर तुटून राहिली." तिने पीठ कसं आहे ते विचारलं. मग म्हणाली, "पीठ जुनं असन. उकयतं पाणी टाक, अन् मंग तिंब." माझे हात पोळले, पण भाकर अख्खी तव्यावर गेली आणि निखाऱ्यावर टम्म फुगली. मुलगी खुदकन हसली. तिने स्वतःच्या हाताने पापुद्रा तोडून खाल्ला, मग आणखी एक, आणि बघता बघता भाकर संपवून तव्याकडे बोट दाखवलं. "आई, खाल्ली तिनं!" मी चालू फोनवर ओरडलेच. "मंग बोलत काय बसली? दुसरी टाक!" आईला एकटं ठेवल्याचं मला आजही लागतं, पण त्या दिवशी आम्ही मायलेकींनी मिळून एक लेकरू जेवू घातलं, हे मी ताठ मानेनं सांगते.